पाठकोरी आणि लिहिलेली : मुंबईच्या जुन्या चित्रकार्डांची प्रतवारी

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका जुन्या चित्रकार्डाच्या पाठीवरचा मजकूर खोडरबराने पुसून टाकला. कार्ड मुंबईच्या काळबादेवी रस्त्याचे होते. मधोमध घोड्यांची ट्राम, दोन्ही बाजूंना लाकडी कठड्यांची घरे, खाली दुकानांच्या ओळी. ते पोस्टात कधी पडलेच नव्हते. तिकीट नाही, शिक्का नाही, पत्ता नाही. पाठीवर मात्र पेन्सिलीने मोडीत तीन ओळी लिहिलेल्या होत्या आणि चित्रावर, एका दुकानाच्या डोक्यावर, बारीकशी फुली होती. मला तेव्हा मोडी येत नव्हती. प्रतवारीचे नियम मात्र नुकतेच पाठ झाले होते, आणि पाठीवर लिहिलेले असेल तर कार्डाची प्रत उतरते, असे त्यांत स्वच्छ म्हटले होते. मऊ रबर घेतले. पाच मिनिटांत ओळीही गेल्या आणि फुलीही. कार्ड एक पायरी वर चढले, या समाधानात मी ते पाकिटात सरकवून ठेवले.

या लेखात त्या नियमांविषयी आणि त्या कार्डांविषयी लिहायचे आहे. नियम चुकीचे आहेत असे माझे म्हणणे नाही. बाजारात ते लागतात आणि संग्राहकाला शिस्तही लावतात. पण ते कागदाविषयी बोलतात, आणि आपण ते इतिहासाविषयी बोलत आहेत असे समजून चालतो. मुंबईच्या चित्रकार्डांच्या बाबतीत ही गफलत फार महाग पडते. का, ते सांगण्यासाठी आधी ही कार्डे आली कुठून आणि गेली कुठे, हे पाहावे लागेल.

पाव आण्याची वाट

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्याने १ ऑक्टोबर १८६९ रोजी जगातले पहिले पोस्टकार्ड काढले. हिंदुस्थानात ते १८७९ च्या जुलैत आले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. हे सरकारी कार्ड, चित्राविना. खाजगी छापखान्याने कार्ड छापायचे, विकत घेणाऱ्याने त्यावर तिकीट लावायचे आणि पोस्टाने ते बिनबोभाट पोहोचवायचे, ही सोय ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १८९४ पासून झाली. त्यानंतर चार-पाच वर्षांतच, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, हिंदुस्थानातल्या शहरांची चित्रकार्डे बाजारात दिसू लागली.

मुंबईला हा धंदा फळावा अशीच परिस्थिती होती. विलायतेहून येणारा साहेब इथे उतरे आणि परतणारा इथूनच बोटीवर चढे. पुणे, खडकी, देवळालीच्या छावण्यांत जाणाऱ्या गोऱ्या शिपायांचा पहिला मुक्कामही इथलाच. उतरलो, सुखरूप आहोत, हे कळवायला लांबलचक पत्र लिहिण्यापेक्षा व्हिक्टोरिया टर्मिनसचे चित्र असलेले कार्ड बरे. क्लिफ्टन आणि कंपनी या मुंबईच्या छायाचित्रकारांनी अशी कार्डे मोठ्या प्रमाणावर काढली. 'फोटोटाइप कंपनी, बॉम्बे' हे नाव तर पाठीवर इतक्यांदा भेटते, की संग्राहकाला ते शेजाऱ्यासारखे वाटू लागते. लंडनच्या राफाएल टक आणि सन्स यांनी हिंदुस्थानी देखाव्यांच्या रंगीत मालिका छापल्या. छपाई पुष्कळदा जर्मनीत होई. फोटो मुंबईत काढायचा, काच किंवा प्रत जर्मनीला पाठवायची आणि छापील गठ्ठे बोटीने परत आणायचे, असा हा व्यवहार होता. १९१४ च्या महायुद्धाने तो तोडला. 'प्रिंटेड इन सॅक्सनी' किंवा 'प्रिंटेड इन जर्मनी' असे बारीक अक्षरात छापलेले मुंबईचे कार्ड दिसले, तर ते बहुधा युद्धाच्या आधीचे समजावे.

फोटोंच्या या प्रवाहाला समांतर एक दुसरा, चित्रकारांचा प्रवाह होता. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना प्लेगच्या दिवसांत शहराबाहेर पडला आणि लोणावळ्याजवळ मळवलीला स्थिरावला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. घराघरांत पोहोचलेल्या देवादिकांच्या तसबिरी इथल्याच. याच छापखान्याने कार्डेही छापली. तिथे काम केलेल्या पॉल गेऱ्हार्ट या जर्मन शिळाछापकाराच्या सहीची कार्डे आज संग्राहक शोधत फिरतात.

आणि मग महादेव विश्वनाथ धुरंधर. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले, जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आलेले आणि तिथेच आयुष्य घालवलेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत त्यांची मुंबईतल्या माणसांची रंगीत शिळाछाप कार्डे निघाली. त्यांतले 'नखरेल मोलकरीण' अशा अर्थाची इंग्रजी ओळ खाली छापलेले कार्ड सर्वांत प्रसिद्ध आहे. शीर्षक इंग्रजी, कारण गिऱ्हाईक इंग्रजी वाचणारे. पण ती बाई ज्या ऐटीत उभी आहे, ती ऐट चित्रकाराने चाळीच्या जिन्यावर, पाणवठ्यावर पाहिलेली आहे. स्टुडिओत पडद्यासमोर उभ्या केलेल्या 'मराठा वुमन'च्या फोटोत ती सापडत नाही.

एका कार्डाच्या तीन तारखा

जुन्या कार्डाचे वय काय, असे विचारले की नवा संग्राहक शिक्क्यावरची तारीख सांगतो. ती तिसरी तारीख असते. पहिली तारीख फोटो काढल्याची, दुसरी कार्ड छापल्याची, तिसरी ते टपालात पडल्याची. तिन्हींत दहा-पंधरा वर्षांचे अंतर सहज असू शकते, कारण एकदा काढलेला फोटो प्रकाशक वर्षानुवर्षे वापरत. कधी त्याला नव्याने रंग चढवत, कधी खालची ओळ बदलत.

तिसरी तारीख शिक्का सांगतो. शिक्का पुसट असला तर तिकीट मदत करते. व्हिक्टोरिया राणीचे तिकीट १९०२ पर्यंतचे, त्यानंतर सातवा एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज. जुनी तिकिटे नंतरही वापरली जात, म्हणून तिकिटावरून वरची हद्द ठरत नाही, फक्त खालची ठरते. देशात जाणाऱ्या कार्डाला पाव आणा लागे. १९२२ मध्ये तो दर अर्धा आणा झाला, ही आणखी एक खूण.

दुसरी तारीख पाठ सांगते. सुरुवातीच्या कार्डांच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची परवानगी होती. निरोप लिहायचा तर चित्राच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या पट्टीत किंवा थेट चित्राच्या आकाशात. पाठीवर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, ही सोय ब्रिटनमध्ये १९०२ साली आली आणि १९०७ च्या आसपास जगभर रुळली. मुंबईची अखंड पाठीची कार्डे म्हणूनच साधारण पहिल्या दहा वर्षांतली असतात. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कळसाभोवती जांभळ्या शाईत कोणी तब्येतीची चौकशी लिहिली असेल, तर लिहिणाऱ्याला गैरशिस्त म्हणू नये. त्याला दुसरी जागाच नव्हती.

पहिली तारीख सर्वांत अवघड. ती चित्रातूनच काढावी लागते, आणि मुंबईकर संग्राहकाचा खरा कस इथे लागतो. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि १९०५ मध्ये बंद पडली. विजेची ट्राम ७ मे १९०७ ला धावली. दुमजली ट्राम १९२० मध्ये आली. म्हणजे ट्रामच्या पुढे घोडे आहेत, की वर तार आहे, की डोक्यावर मजला आहे, एवढ्यावरून फोटोचे युग ठरते. अपोलो बंदराच्या देखाव्यात ताजमहाल हॉटेल नसेल तर फोटो १९०३ च्या आधीचा. ताज आहे पण गेटवे नाही, तर १९०३ नंतरचा आणि १९२४ च्या आधीचा. गेटवेचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला झाले. बोरीबंदरच्या बाजूला घुमटाचे मोठे पोस्ट ऑफिस दिसत असेल, तर फोटो १९१३ च्या आसपासचा किंवा नंतरचा.

माझ्याकडे १९१२ चा शिक्का असलेले एक कार्ड आहे. त्यावर रस्त्यात घोड्यांची ट्राम आहे. पाठवणाऱ्याने ते विकत घेतले तेव्हा ती ट्राम बंद होऊन सात वर्षे झाली होती. म्हणजे कार्डावरची मुंबई त्याने स्वतः पाहिलेलीच नव्हती. शिक्क्याच्या तारखेवर विसंबून कोणी मुंबईच्या वाहतुकीचा इतिहास लिहू लागला, तर तो असा फसेल.

भिंगाखाली

कार्ड हातात आले की आधी भिंग काढावे. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. चित्रात एकसारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली तर ते हाफटोन छपाईचे. ठिपक्यांऐवजी सुरकुतल्यासारखी, अनियमित आणि अतिशय बारीक कणी दिसली तर कोलोटाइप. जुन्या मुंबईच्या उत्तम कार्डांत हीच छपाई भेटते, आणि तिच्यावर हाताने जलरंग चढवलेले असले तर पागोट्यांचा लाल रंग रेषेबाहेर गेलेला सापडतो. रंगांचे सपाट थर आणि खडबडीत कण दिसले तर शिळाछाप. रविवर्मा प्रेसची आणि धुरंधरांची कार्डे या वर्गातली. काहीच ठिपके, कणी न दिसता छटा अखंड असतील, आणि कार्ड तिरपे धरल्यावर काळ्या भागात चांदीसारखी झाक येत असेल, तर तो खरा फोटो, फोटोच्या कागदावर उतरवलेला. असे कार्ड थोड्याच प्रतींत निघालेले असू शकते.

नकला ओळखायलाही भिंगच लागते. अलीकडे जुन्या कार्डांच्या प्रती काढून, चहाच्या पाण्यात बुडवून विकल्या जातात. हाफटोनच्या जाळीवर दुसरी जाळी दिसली की समजावे, हा छापलेल्याचा छाप आहे. जांभळ्या प्रकाशाची छोटी विजेरीही उपयोगी पडते. कागदाला पांढराशुभ्र करणारी रसायने गेल्या शतकाच्या मध्यानंतर सर्रास वापरात आली. अशा कागदावर ही विजेरी मारली की तो निळसर चमकतो. १९०५ चे म्हणून विकले जाणारे कार्ड चमकले, तर ते परत द्यावे.

सात पायऱ्यांची शिडी

आता प्रतवारी. महाराष्ट्राला हा शब्द नवा नाही. कापसाची प्रत धाग्याच्या लांबीवर ठरते, तांदळाची कणीवर, हापूसची वजनावर आणि डागावर. कार्डांच्या बाजारातली शिडी सात पायऱ्यांची आहे, आणि आपल्याकडचे संग्राहकही तिची इंग्रजी नावेच वापरतात.

'मिंट' म्हणजे टांकसाळीतून निघालेल्या नाण्यासारखे. चारही कोपरे अणकुचीदार, पाठ कोरी, हात लागल्याची खूण नाही. 'निअर मिंट'मध्ये वयाची किंचित पिवळी झाक चालते. 'एक्सलंट'मध्ये कोपरा अगदी थोडा बोथट असू शकतो, दुमड मात्र नको. 'व्हेरी गुड'मध्ये बोथट कोपरे, नजरेत न भरणारी एखादी दुमड आणि टपालातून गेल्याच्या साध्या खुणा धरल्या जातात. 'गुड'मध्ये दुमड दिसते, डाग दिसतो, पण चित्र शाबूत असते. 'फेअर' म्हणजे फाटलेले, मळलेले, तिकीट उपटलेले. आणि 'पुअर' म्हणजे ज्याची दुसरी प्रत मिळेपर्यंतच ठेवायचे असे. प्रत्येक विक्रेत्याची शिडी थोडी वेगळी असते. एकाचे 'एक्सलंट' दुसऱ्याचे 'व्हेरी गुड' असते, म्हणून नुसत्या पायरीवर न भुलता दोन्ही बाजू पाहूनच सौदा करावा.

तपासताना क्रम ठरवून घ्यावा. आधी आकार. त्या काळचे प्रमाणित कार्ड साधारण १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असे. एखादी बाजू तीन-चार मिलिमीटर कमी भरली तर आल्बममध्ये बसवण्यासाठी कोणीतरी कातर चालवली आहे का, ते पाहावे. मग कोपरे. मग कार्ड डोळ्याच्या रेषेत आडवे धरून दुमड. समोरून न दिसणारी दुमड तिरप्या प्रकाशात लगेच दिसते. मग पाठ : गोंदाचे डाग, आल्बमच्या काळ्या कागदाचे तुकडे, पेन्सिलीची किंमत. शेवटी तिकिटाची जागा. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्यांनी कार्डे पाण्यात भिजवून तिकिटे सोडवली आणि कार्डे टाकून दिली. तिकिटाबरोबर अर्धा शिक्काही गेला आणि शिक्क्याबरोबर तारीख.

कुंकवाचे बोट

या शिडीला मुंबईचा पावसाळा ठाऊक नाही. चार महिने दमट हवेत राहिलेल्या कागदाला तपकिरी टिकल्या येणारच. कसर कडा कुरतडते, वाळवी लागली तर आल्बमचे आल्बम पोकळ करते. पिठाच्या खळीने चिकटवलेले कार्ड तर किड्यांना पंगतीचे आमंत्रणच. म्हणून इथल्या घरात राहिलेले कार्ड शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांवर क्वचितच सापडते. 'मिंट' आणि 'निअर मिंट' म्हणून मुंबईची जी कार्डे आज विकली जातात, त्यांतली पुष्कळशी शंभर वर्षे थंड, कोरड्या हवेत, परदेशातल्या आल्बममध्ये झोपलेली होती.

ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे. चित्रकार्ड ही मुळातच पाठवून देण्याची वस्तू. मुंबईची कार्डे मुंबईत विकली गेली आणि आठवड्याच्या मेल बोटीने देशाबाहेर गेली. महायुद्धापूर्वीच्या वर्षांत तर कार्डे जमवण्याची युरोपात साथ होती. अनोळखी माणसे एकमेकांना कार्डे पाठवून अदलाबदल करत. फ्रान्सकडे गेलेल्या कार्डांवर तिकीट मुद्दाम चित्राच्या बाजूला लावलेले असे, कारण तिथल्या संग्राहकांना तशी आवड. आजही मुंबईच्या जुन्या चित्रांचा मोठा भाग तिथल्या लिलावांतून, आजोबांच्या पेटाऱ्यांतून निघतो आणि विकत घेऊन आपल्याला परत आणावा लागतो. ओमर खान यांचे 'पेपर ज्युएल्स' हे २०१८ साली आलेले पुस्तक वाचताना हिंदुस्थानी कार्डांचा पसारा किती मोठा होता, ते लक्षात येते.

परत येते ती कोणती मुंबई? राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट, मलबार हिलवरून दिसणारी चौपाटी, राणीचा पुतळा. आणि दुसऱ्या टोकाला पारश्यांचा दोखमा, सोनापूरचे स्मशान, गारुडी, फकीर, 'नेटिव्ह टाउन'. मधली मुंबई, म्हणजे गिरणीतून सुटणारी पाळी, चाळीची गॅलरी, खाणावळ, शाळा, कमी सापडते. राणीच्या संगमरवरी पुतळ्याची कार्डे ढिगाने मिळतात. १८९६ साली त्याच पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातल्याचे दामोदर चापेकरांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. कार्डावर मात्र राणी सदैव शुभ्र. ही निवड गिऱ्हाइकाच्या नजरेने केलेली होती, आणि 'मिंट' कार्ड त्या नजरेची अगदी स्वच्छ प्रत असते. त्यात प्रकाशकाचा आवाज पूर्ण ऐकू येतो. दुसरा कोणाचाही येत नाही.

दुसरा आवाज खालच्या पायऱ्यांवर आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, रद्दीवाल्याच्या पोत्यात जी कार्डे मला मिळाली, ती बहुतेक 'फेअर' आणि 'पुअर' या वर्गांतली. रविवर्मा प्रेसचे लक्ष्मीचे एक कार्ड आहे. वरच्या कडेला टाचणीचे भोक, कपाळावर तांबडा डाग, खाली तेलाचा तवंग. शिडीच्या भाषेत तीन दोष. पण तो तांबडा डाग कुंकवाचा आहे. कोणीतरी हे कार्ड भिंतीला टोचले, बोटाने कुंकू लावले, खाली निरांजन ठेवले. पाव आण्याच्या टपालाची वस्तू देवघरात गेल्याचा हा पुरावा आहे, आणि तो कोऱ्या प्रतीवर मिळणे शक्यच नाही. दुसरे एक कार्ड इस्पितळाच्या इमारतीचे. एका खिडकीवर शाईने फुली, आणि पाठीवर पाठवणाऱ्याने आपली खाट तिथे असल्याचे इंग्रजीत कळवले आहे. असे खिडकीवर फुली मारणे तेव्हा सगळ्या जगात चाले. मी इथे होतो, एवढेच त्या फुलीला म्हणायचे असते.

तिसरे, धुरंधरांचे. पाठ मोडीत आणि गुजरातीत अशा दोन हस्ताक्षरांत भरलेली. भावाने भावाला पाठवले असावे. अर्धा मजकूर पाणी लागून फुटला आहे. उरलेल्यात हुंडीची आणि कुणाच्या तापाची गोष्ट आहे. चित्रातल्या बाईविषयी एक शब्द नाही. ते कार्ड त्यांनी तिच्यासाठी घेतले नव्हते, पैशाला मिळते आणि पोहोचते म्हणून घेतले होते. चित्रकार्डे फक्त साहेबमंडळींनी वापरली, असे आपण सरसकट म्हणतो. त्या म्हणण्याला हे 'पुअर' कार्ड छेद देते.

दुहेरी नोंद

म्हणून गेली काही वर्षे मी प्रत्येक कार्डाची दोन नोंदी करतो. पहिली कागदाची : शिडीवरची पायरी, मापे, छपाईची जात, दुमडी, डाग. ती कठोरपणे करायची. आपले कार्ड म्हणून 'गुड'चे 'व्हेरी गुड' करायचे नाही, आणि विकायची वेळ आली तर दुरुस्ती, कातरलेली कड, पुसलेला मजकूर हे सगळे गिऱ्हाइकाला सांगायचे. दुसरी नोंद साक्षीची : तिन्ही तारखा, लिपी, मजकूर, शिक्क्यावरचे गाव, चित्रावरच्या खुणा आणि चित्राखालची ओळ खरी आहे का. कारण प्रकाशक चुकत असत. एका देवळाचे नाव दुसऱ्याला, एकाच बाईला एका कार्डावर एक जात, दुसऱ्यावर दुसरी. लिहिणाऱ्याने कधी कधी ती ओळ खोडून बरोबर नाव घातलेले असते. कागदाच्या नोंदीत तो डाग ठरतो, साक्षीच्या नोंदीत दुरुस्ती.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की संग्रह वेगळाच दिसू लागतो. माझ्याकडच्या 'एक्सलंट' कार्डांपैकी कितीतरींची दुसरी नोंद दोन ओळींत संपते. 'पुअर'वाल्यांना कधी पान पुरत नाही.

जपणूक त्यावरूनच ठरते. कार्डाला लॅमिनेशन करू नये. त्या उष्णतेने आणि चिकटाने शंभर वर्षे टिकलेला कागद एका दुपारी कायमचा जातो. चिकटपट्टी लावू नये. पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिप्रोपिलीनची घ्यावीत. कपाटात पूर्वी पोथ्यांशेजारी ठेवत तशी वेखंडाची पुरचुंडी ठेवावी, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात आणि महिन्यातून एकदा आल्बम उघडून वारा द्यावा. फोटो काढताना दोन्ही बाजूंचे काढावेत. नुसत्या चित्राच्या बाजूचा फोटो म्हणजे अर्धे कार्ड. आणि पाठीवर काहीही लिहिलेले असो, वाचता येवो न येवो, ते पुसू नये. आपल्याला न येणारी लिपी म्हणजे मळ नव्हे.

हे शेवटचे वाक्य मी कुठल्याही पुस्तकातून घेतलेले नाही. मोडी शिकल्यावर, दहाएक वर्षांनी, काळबादेवीचे ते कार्ड पुन्हा बाहेर काढले. अंधार करून, विजेरी अगदी आडवी धरून पाठ पाहिली. पेन्सिल गेली होती, तिचा दाब कागदात होता. तीन ओळींपैकी दोन शब्द लागले. एक 'दुकान', दुसरा 'वडील'. वडिलांचे दुकान, की वडील म्हणतात म्हणून दुकान, की आणखी काही, ते कळायला मार्ग नाही. मधला भाग मी फारच मनापासून घासला होता. कार्ड उलटले. चित्रात ट्रामच्या उजव्या हाताला, एका पाटीच्या वर, फुलीचा खळगा अजून आहे. बोट फिरवले तर लागतो. पाटीवरची अक्षरे छपाईतच फुटलेली आहेत, भिंगाखाली नुसती कणी दिसते.

नोंदवहीत त्या कार्डासमोर आता दोन नोंदी आहेत. कागद : एक्सलंट. साक्ष : मोडीत तीन ओळी आणि चित्रावर एक फुली, दोन शब्द वाचनीय, बाकी खोडलेले. खोडणारा कोण, या रकान्यात मी माझे नाव लिहिले आहे.